विक्कातली चार तत्त्वं आली कुठून? रायडर–वेट–स्मिथ टॅरोचा कॅट समोर ठेवून केलेलं परीक्षण

विक्का म्हणजे विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुढे आलेला, निसर्ग आणि जादूविधी मानणारा पंथ. त्याच्या वेदीवर चार वस्तू हमखास दिसतात: सुरी, कांडी, पेला आणि चकती. सुरी वायूची, कांडी अग्नीची, पेला पाण्याचा, चकती पृथ्वीची. बहुतेक प्राथमिक पुस्तकं एवढं सांगतात आणि पुढच्याच ओळीत ही मांडणी हजारो वर्षांची असल्याचंही सांगून टाकतात. ती खरोखर कुठून आली हे डोळ्यांनी पाहायचं असेल, तर सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने काढलेला ७८ पत्त्यांचा टॅरो. भविष्य पाहायला तो कसा आहे यावर उदंड लिहिलं गेलं आहे. इथे त्याची पारख एकाच कामासाठी केली आहे: चार तत्त्वांचा इतिहास वाचायचं साधन म्हणून. या कामात तो अव्वल आहे. पण काही ठिकाणी तो चकवतो, आणि ती ठिकाणं आधी माहीत असली तर पुढचा बराच गोंधळ टळतो.

आधी नावाबद्दल. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, पण ७८ च्या ७८ चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. त्या काळच्या एका पत्रात त्यांनीच लिहून ठेवलं आहे की काम मोठं होतं आणि पैसे फारच थोडे. कितीतरी वर्षं डबीवर मात्र ‘रायडर–वेट’ एवढंच छापलं जायचं. त्यांची सही, म्हणजे एकात एक गुंफलेली आद्याक्षरं, पत्त्यांच्या खालच्या भागात अजून दिसते. म्हणून या लेखात स्मिथ यांचं नाव जोडूनच घेतलं आहे. वेट आणि स्मिथ दोघंही ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’ या गुप्त मंडळाचे सभासद होते. हे मंडळ १८८८ मध्ये लंडनमध्ये सुरू झालं. आपल्या विषयाची नाळ तिथेच जोडलेली आहे.

कोणती छपाई घ्यावी? १९७१ पासून यू. एस. गेम्स सिस्टम्सने काढलेली पिवळ्या डबीतली आवृत्ती सगळीकडे मिळते. तिचे रंग सपाट आणि भडक आहेत, पण रेषा स्पष्ट आहेत. २००९ मध्ये शतकपूर्तीनिमित्त निघालेली ‘स्मिथ–वेट’ आवृत्ती मूळ छपाईच्या मंद, मातकट रंगांच्या जवळ जाते. इतिहासासाठी कॅट घ्यायचा असेल तर माझं मत या दुसरीला. ‘युनिव्हर्सल वेट’सारख्या नव्याने रंगवलेल्या आवृत्त्या दिसायला गोड आहेत, पण त्यांत रंग दुसऱ्या हाताचे आहेत, त्यामुळे ‘अमुक तत्त्वाला अमुक रंग का’ हा प्रश्न त्यांना विचारण्यात अर्थ नाही. पत्ता साधारण ७० × १२० मिलिमीटरचा असतो, म्हणजे खेळायच्या पत्त्यांपेक्षा बराच उंच. लहान हातांना तो नेहमीसारखा पिसता येत नाही. पण अभ्यासासाठी पिसायची गरजच नाही, आणि मोठा पत्ता उलट सोयीचा, कारण महत्त्वाचे तपशील फार बारीक आहेत.

नकली कॅट पुष्कळ विकले जातात. ते ओळखायला दोन पत्ते पुरतात. ‘पेज ऑफ वाँड्स’ या पत्त्यावर तरुणाच्या पिवळ्या अंगरख्यावर काळे छोटे सरपटणारे प्राणी आहेत. ते सॅलमँडर, म्हणजे अग्नीत राहतात असं मानलेले पालीसारखे जीव, आहेत. वाईट छपाईत त्यांचे नुसते डाग होतात. दुसरा पत्ता ‘क्वीन ऑफ स्वॉर्ड्स’. राणीचा मुकुट फुलपाखरांचा आहे आणि सिंहासनाच्या बाजूवरही फुलपाखरू कोरलेलं आहे. मुकुटातले पंख वेगवेगळे दिसत नसतील तर तो कॅट आपल्या कामाचा नाही, कारण हे सॅलमँडर आणि ही फुलपाखरं हाच तत्त्वांच्या इतिहासाचा पुरावा आहे. काही नकलांत कडा इतक्या आत कापतात की स्मिथ यांची सहीसुद्धा अर्धी जाते.

आता सगळ्यात पहिला पत्ता उघडायचा तो ‘मॅजिशियन’, आकडा १. लाकडी मेजामागे एक जण उभा आहे, उजवा हात वर, त्यात दोन्ही टोकं सारखी असलेली पांढरी कांडी, डावा हात जमिनीकडे. कमरेला स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेला साप. आणि मेजावर चार वस्तू: काठी, पेला, तलवार, आणि पाच टोकांचा तारा कोरलेली चकती. वेट यांनी स्वतः लिहिलं आहे की ही टॅरोच्या चार रंगांची, म्हणजे पत्त्यांच्या चार गटांची, चिन्हं असून ती निसर्गातल्या तत्त्वांची द्योतक आहेत. विक्काची वेदी पाहिलेल्या माणसाला हे मेज ओळखीचं वाटल्यावाचून राहत नाही. विक्का लोकांसमोर आणणारे जेरल्ड गार्डनर यांचं त्यावरचं पहिलं उघड पुस्तक १९५४ चं. पत्ता त्याच्या ४५ वर्षं आधीचा. म्हणजे हे मेज वेदीवरून काढलेलं नाही. वेदी आणि मेज दोन्ही एकाच उगमातून आली, आणि तो उगम म्हणजे गोल्डन डॉन.

गोल्डन डॉनला ही तत्त्वं मिळाली कुठून? धागा लांब आहे, पण तुटत नाही. इ. स. पूर्व पाचव्या शतकात सिसिलीतल्या अक्रागास गावच्या एम्पेडोक्लीसने जग चार ‘मुळां’चं बनलेलं असल्याचं पद्यात मांडलं आणि त्यांना देवांची नावं दिली. प्रेम त्यांना जोडतं, वैर त्यांना तोडतं. प्लेटोने त्यांना भूमितीचे आकार दिले: अग्नीला चार त्रिकोणी बाजूंचा टोकदार घन, पृथ्वीला चौरस घन. आज ज्याला आपण चार तत्त्वांचं ‘स्वभावशास्त्र’ म्हणतो ते ॲरिस्टॉटलचं: अग्नी उष्ण आणि कोरडा, वायू उष्ण आणि ओला, पाणी थंड आणि ओलं, पृथ्वी थंड आणि कोरडी. ही सारणी पाठच करून ठेवावी, कारण पुढे दिशांचा हिशेब तिच्यावर बसतो. मग मध्ययुगीन वैद्यक, किमया, आणि १५३३ मध्ये पूर्ण छापला गेलेला अग्रिप्पाचा गूढविद्येचा ग्रंथ, ज्याची सुरुवातच चार तत्त्वांपासून होते. पॅरासेल्सस या वैद्य-किमयागाराने प्रत्येक तत्त्वात राहणारे जीव सांगितले: पाण्यात अंडाइन, हवेत सिल्फ, जमिनीत नोम, अग्नीत सॅलमँडर. त्याचं ते लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १५६६ मध्ये छापलं गेलं. १५८४ मध्ये क्राकोव शहरात जॉन डी आणि एडवर्ड केली या इंग्रज गूढविद्यावाल्यांना ‘देवदूतांकडून’ चार टेहळणी बुरुजांचे तक्ते मिळाले. विक्कात दिशांना हाक मारताना ‘पूर्वेच्या टेहळणी बुरुजाच्या स्वामींनो’ असं म्हणतात, ते शब्द इथले.

या सगळ्या धाग्यात टॅरोचा कुठेही पत्ता नाही, हे लक्षात ठेवावं. टॅरो उत्तर इटलीत १४४० च्या सुमारास आला तो निव्वळ खेळ म्हणून. त्याचे चार रंग, म्हणजे पेले, तलवारी, नाणी आणि सोटे, इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातल्या पत्त्यांतून आले. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात तसा एक जुना कॅट आहे. त्यात सोट्यांच्या जागी पोलो खेळायच्या काठ्या आहेत. युरोपात पोलो माहीत नव्हता, म्हणून काठीचा सोटा झाला आणि पुढे सोट्याची ‘वाँड’. पोलोची काठी ते अग्नितत्त्वाची कांडी! या एका वस्तूचा प्रवास समजला की ‘चार रंग म्हणजे आदिम चार तत्त्वं’ हा दावा आपोआप गळून पडतो. रंगांना तत्त्वं चिकटली ती फार उशिरा. १७८१ मध्ये कूर द जेबलँ यांनी टॅरो इजिप्तचा असल्याचा निराधार दावा छापला, तिथून गूढवादी लोक पत्त्यांकडे वळले. फ्रेंच गूढवादी एलिफास लेव्ही यांनी १८५४ ते १८५६ मध्ये चार रंग हिब्रू देवनामाच्या चार अक्षरांशी जोडले: योद म्हणजे काठी, हे म्हणजे पेला, वाव म्हणजे तलवार, शेवटचं हे म्हणजे चकती. गोल्डन डॉनने त्याच क्रमाने तत्त्वं पक्की केली: अग्नी, पाणी, वायू, पृथ्वी. नाण्याला, म्हणजेच चकतीला, ‘पेंटॅकल’ म्हणायची रीतही लेव्हींच्या प्रभावातूनच रुजली.

या कॅटमधली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट ‘वर्ल्ड’ या २१ व्या पत्त्यात आहे. चार कोपऱ्यांत चार चेहरे आहेत. वर डावीकडे माणूस, वर उजवीकडे गरुड, खाली उजवीकडे सिंह, खाली डावीकडे बैल. बायबलमधल्या यहेज्केलच्या दृष्टान्तातून आलेले हे चार जीव म्हणजे चार स्थिर राशी: कुंभ, वृश्चिक, सिंह, वृषभ. म्हणजेच वायू, पाणी, अग्नी, पृथ्वी. आता ट्रेसिंग पेपरवर पत्त्याच्या मापाचा एक सरळ पंचकोनी तारा काढा, एक टोक वर. तो पत्त्यावर ठेवा. वरचं टोक आत्मतत्त्वाचं. उरलेली चार टोकं: डावीकडचं वरचं माणसाकडे, म्हणजे वायू, उजवीकडचं वरचं गरुडाकडे, म्हणजे पाणी, उजवं खालचं सिंहाकडे, म्हणजे अग्नी, डावं खालचं बैलाकडे, म्हणजे पृथ्वी. गोल्डन डॉनच्या पंचकोन विधीत ताऱ्याच्या टोकांना तत्त्वांची हीच जागा आहे, आणि आज विक्काच्या पुस्तकांत छापला जाणारा ‘पेंटॅकलची पाच टोकं’ हा तक्ताही हाच. राशींच्या क्रमाने बैल, सिंह, गरुड, माणूस अशी नजर फिरवली तर ती घड्याळाच्या उलट दिशेने जाते. हे सगळं योगायोगाने जुळत नाही. दहाव्या ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ पत्त्यावरही तेच चार जीव त्याच कोपऱ्यांत आहेत, तिथे ते पंखवाले आहेत आणि पुस्तकं वाचत बसले आहेत.

नेमकी इथेच नवखी मंडळी पहिली चूक करतात. पत्त्याचे कोपरे म्हणजे दिशा असं धरून चालतात. विक्काच्या वर्तुळात पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. घड्याळाच्या दिशेने क्रम होतो वायू, अग्नी, पाणी, पृथ्वी. ‘वर्ल्ड’ पत्त्यावर घड्याळाच्या दिशेने क्रम आहे वायू, पाणी, अग्नी, पृथ्वी. पाणी आणि अग्नी यांची अदलाबदल. दोन्ही बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळे नकाशे आहेत. कोपऱ्यांचा नकाशा राशींचा आहे. दिशांचा नकाशा वाऱ्यांचा आहे: दक्षिणेकडून उष्णता, पश्चिमेकडून ओलावा, उत्तरेकडून कोरडी थंडी. ॲरिस्टॉटलची सारणी इथे कामाला येते. ही मांडणी इंग्लंडच्या हवेत चपखल बसते, कारण तिथे पश्चिमेला अटलांटिक आहे. दक्षिण गोलार्धातले अनेक विक्का उपासक अग्नी उत्तरेला नेतात, कारण त्यांचा दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. मूळ तर्क पाहिला तर ते अगदी रास्त आहे. गोल्डन डॉनकडेच आणखी एक दिशामांडणी होती, राशीचक्रावरची, जीत अग्नी पूर्वेला येतो. तेव्हा ‘खरी दिशा कोणती’ यावर भांडण्याआधी कोणता नकाशा उघडला आहे ते विचारावं.

मानकरी पत्त्यांकडे वळू. प्रत्येक रंगात राजा, राणी, नाइट आणि पेज, असे एकूण १६. पॅरासेल्ससचे जीव इथे लपले आहेत. ‘किंग ऑफ वाँड्स’च्या झग्यावर सॅलमँडर आहेत, आणि नीट पाहिलं तर सिंहासनाशेजारी जमिनीवर एक जिवंत छोटा सॅलमँडरही बसला आहे. नाइट आणि पेज यांच्या मागे वाळवंट आणि पिरॅमिड: उष्ण आणि कोरडं. ‘पेज ऑफ कप्स’च्या पेल्यातून मासा डोकं बाहेर काढतो, त्या रंगाच्या राजाचं सिंहासन तर थेट समुद्रावर तरंगतं. तलवारींत फुलपाखरं, पक्षी, ढग, आणि ‘नाइट ऑफ स्वॉर्ड्स’मागे वाऱ्याने वाकलेली झाडं. पेंटॅकलच्या राजाच्या सिंहासनावर बैलांची डोकी, म्हणजे वृषभ रास. पृथ्वीचे नोम मात्र कुठे दिसत नाहीत. तीन तत्त्वांना जीव आणि चौथ्याला रास, ही असमानता खटकते, पण शोधताना ती माहीत असावी, नाहीतर माणूस तासभर बुटका शोधत बसतो.

याच १६ पत्त्यांत मोठा घोळ आहे. गोल्डन डॉनच्या पद्धतीत प्रत्येक मानकऱ्यालाही तत्त्व आहे: घोड्यावरचा पहिला पुरुष अग्नी, राणी पाणी, रथातला राजपुत्र वायू, राजकन्या पृथ्वी. म्हणून काठ्यांची राणी ‘अग्नीतलं पाणी’. वेट–स्मिथ कॅटमध्ये राजा सिंहासनावर बसला आहे आणि घोड्यावर नाइट आहे. मग अग्नी कोण? घोडा पाहिला तर नाइट, पदवी पाहिली तर राजा. दोन्ही मतांची पुस्तकं आहेत. या कॅटवरून याचा निर्णय लागत नाही, कारण वेट यांनी मंडळाची शपथ पाळून तत्त्वांची सविस्तर सारणी दिलीच नाही. राणीला पाणी आणि पेजला पृथ्वी एवढं निश्चित धरावं आणि बाकीचं मोकळं सोडावं.

अभ्यासाची रीत अशी. कॅटमधून चार एक्के, १६ मानकरी, आणि मॅजिशियन, व्हील, वर्ल्ड हे तीन, असे २३ पत्ते वेगळे काढा. साधारण एक मीटर रुंद सपाट जागा लागते. मध्ये मॅजिशियन. पूर्वेला तलवारीचा एक्का, दक्षिणेला काठीचा, पश्चिमेला पेल्याचा, उत्तरेला पेंटॅकलचा. प्रत्येक एक्क्याबाहेर त्याचे चार मानकरी पंख्यासारखे मांडा. व्हील आणि वर्ल्ड बाजूला, ताऱ्याच्या ट्रेसिंगसह. आता एकेका दिशेत फक्त उष्ण–थंड, ओलं–कोरडं एवढंच शोधा. तलवारींत ओलावा कमी दिसेल, थंड वारा जास्त जाणवेल. ॲरिस्टॉटलचा वायू तर उष्ण आणि ओला. ही विसंगती खरी आहे. स्मिथ यांनी वायू रंगवताना नुसतं तत्त्वज्ञान नाही, तलवारीचं दुःखही रंगवलं आहे. त्या रंगातली काही चित्रं, उदाहरणार्थ काळजात खुपसलेल्या तीन तलवारी, पंधराव्या शतकातल्या सोला बुस्का टॅरोवरून घेतलेली आहेत. त्या टॅरोची छायाचित्रं १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आली होती. त्यामुळे प्रत्येक चित्रात तत्त्व शोधू नये. दोन ते दहा या ३६ पत्त्यांत गोल्डन डॉनने राशींचे ३६ द्रेष्काण, म्हणजे प्रत्येक राशीचे तीन भाग, बसवले होते, पण ते पत्त्यांवर छापलेले नाहीत. नव्या अभ्यासकाने ते पहिल्या फेरीत सोडून द्यावेत.

सुरी–कांडीचा वाद याच मांडणीवर तपासता येतो. गोल्डन डॉनमध्ये वायूचं साधन खंजीर, पिवळ्या मुठीचा. अग्नीचं साधन लाल कांडी, टोक शंकूसारखं, आणि आतून आरपार चुंबकीय तार. तलवार हे वेगळं साधन, मंगळाच्या शक्तीचं. स्मिथ यांच्या पत्त्यांवर खंजीर नाही, तलवार आहे, आणि कांडीच्या जागी पालवी फुटलेली काठी. पालवी पाहून लोक काठीला वायूकडे नाहीतर पृथ्वीकडे ढकलतात. तलवार भट्टीत घडते म्हणून तिला अग्नी देतात. विक्काच्या काही शाखांनी हीच अदलाबदल कायमची स्वीकारली आहे. परंपरा म्हणून ती ज्याची त्याने पाळावी. पण ‘मूळ मांडणी हीच, गोल्डन डॉनने मुद्दाम उलटी सांगितली’ असं जे म्हणतात, त्याला आधार नाही. देवनामातलं पहिलं अक्षर, काठी आणि अग्नी ही साखळी कागदोपत्री दिसते.

चकतीबाबत कॅट विक्काच्या जास्त जवळ आहे, हे मला फार लक्षणीय वाटतं. गोल्डन डॉनची पृथ्वीची चकती लाकडी, तळहातापेक्षा थोडी मोठी, चार भागांत रंगवलेली, पिवळट, शेवाळी, तांबूस आणि काळी, आणि तिच्यावर पांढरा षट्कोनी तारा. पंचकोनी नव्हे. स्मिथ यांच्या पेंटॅकलवर मात्र पाच टोकांचा तारा आहे, आणि आज वेदीवरची जी चकती सगळे ओळखतात ती तशीच. दहाच्या पत्त्यावरचे दहा पेंटॅकल कब्बाला या ज्यू गूढपरंपरेतल्या जीवनवृक्षाच्या आकारात मांडलेत, तेही एकदा पाहून घ्यावं. आणि पृथ्वीचा हिरवा रंग? तो नंतरचा आहे. गोल्डन डॉनकडे पृथ्वी काळपट होती.

रंगांबद्दल मराठी वाचकाला एक खास इशारा द्यायला हवा. गोल्डन डॉनने चार तत्त्वांबरोबर आपली पंचमहाभूतंही वापरली. राम प्रसाद यांचं १८९० मध्ये लंडनला निघालेलं इंग्रजी पुस्तक त्यांच्या हाती आलं, आणि त्यातली चिन्हं ध्यानासाठी घेतली गेली: तेज लाल त्रिकोण, आप रुपेरी चंद्रकोर, वायू निळं वर्तुळ, पृथ्वी पिवळा चौकोन, आकाश गडद जांभळा अंडाकार. त्याच मंडळाच्या दुसऱ्या पद्धतीत मात्र वायू पिवळा आणि पाणी निळं. दोन पद्धती एकत्र केल्या की पिवळी मेणबत्ती वायूची की पृथ्वीची हा प्रश्न सुटत नाही. विक्काच्या पुस्तकांत पाचव्या तत्त्वाला कधीकधी ‘आकाश’ म्हटलेलं आढळतं, ते थिऑसॉफी या एकोणिसाव्या शतकातल्या गूढवादी चळवळीच्या वाटेने आलेलं आपलंच आकाश. पण म्हणून विक्काची चार तत्त्वं म्हणजे पंचमहाभूतं असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. एकाचा पाया ॲरिस्टॉटलचा, दुसऱ्याचा सांख्यांचा. आकाशाचा गुण शब्द, ग्रीक ईथर तारकांचं द्रव्य. नाव जुळलं तरी काम वेगळं.

कॅट जिथे कमी पडतो तो भाग म्हणजे खुद्द विक्का. गार्डनर यांच्या दीक्षाविधीत आठ साधनं दाखवली जातात: तलवार, काळ्या मुठीची सुरी म्हणजे अथामे, पांढऱ्या मुठीची सुरी, कांडी, पेंटॅकल, धुपाटणं, चाबूक आणि दोऱ्या. यादी पुन्हा वाचा. पेला नाही! चार तत्त्वांची चौकट आधीपासून पायाला असती तर पाण्याचं साधन सुटलं नसतं. काळ्या आणि पांढऱ्या मुठीच्या सुऱ्या ‘सॉलोमनची किल्ली’ या जादूच्या पोथीत आहेत. तिचं इंग्रजी रूपांतर गोल्डन डॉनचे एक संस्थापक मॅथर्स यांनी १८८९ मध्ये छापलं. पाण्यात मीठ मंतरून टाकण्याची रीतही या पोथीची आणि त्याआधी चर्चच्या पवित्र जलाची. म्हणजे गार्डनर यांच्या हातात दोन वेगळे साठे होते: एक पोथीचा, एक गोल्डन डॉनचा. दुसरा साठा सर्वांसाठी खुला झाला तो इस्रायल रेगार्डी यांनी १९३७ ते १९४० मध्ये मंडळाचे विधी चार खंडांत छापले तेव्हा. मीठ–पाणी म्हणजे पृथ्वी आणि पाणी, निखाऱ्यावरचा धूप म्हणजे अग्नी आणि वायू, हा सुबक अर्थ या जुन्या शुद्धीकरणावर नंतर चढवला गेला. चारांची चौकट पुढच्या काळात, छापील पुस्तकांमधून, इतकी पक्की झाली की आठांची यादी मागे पडली.

सोबतच्या पुस्तिकांत ‘प्राचीन केल्ट लोकांची चार तत्त्वं’ असं वाचायला मिळालं तर ते पान ओलांडावं. आयरिश कथांतले वीर शपथ घेतात ती आभाळ, समुद्र आणि भूमी या तिघांची. तुआथा दे दानन या आयरिश कथांतल्या देवगणाचे चार खजिने आहेत खरे, म्हणजे दगड, भाला, तलवार आणि कढई, पण त्यांची टॅरोच्या रंगांशी सांगड घातली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, कवी यीट्स यांच्यासारख्या गोल्डन डॉनच्याच माणसांच्या वर्तुळात.

थॉथ टॅरोशी तुलना एका वाक्यात: अलिस्टर क्रोली आणि लेडी फ्रीडा हॅरिस यांच्या त्या कॅटमध्ये तत्त्वं आणि ग्रह उघडपणे मांडलेले आहेत, त्यामुळे सारणी शिकायला तो सोपा, पण छापील कॅट म्हणून तो १९६९ मध्ये आला आणि विक्काच्या मेजाशी त्याचं साम्य कमी.

वेदीवर साधनांच्या जागी चार एक्के वापरायचे असतील तर ते जमतं, आणि सुरी बाळगणं शक्य नसेल तिथे तर उत्तमच. एक्के उभे ठेवायला खाच पाडलेला लाकडी ठोकळा घ्या. खाच दीड-दोन मिलिमीटरची पुरते, घट्ट खाचेत पत्त्याची खालची कड सोलते. पाण्याची वाटी बशीत ठेवा आणि पेल्याच्या एक्क्यापासून वीतभर लांब, कारण भिजलेला पत्ता वाळला तरी वाकलेलाच राहतो आणि मग उरलेल्या ७७ पत्त्यांत तो पाठमोराही ओळखू येतो. मीठ पत्त्यावर टाकू नका. ते हवेतलं पाणी ओढतं आणि छपाईवर पांढुरके ठिपके पडतात. कोळशाची चकती पेटवल्यावर कड राखाडी होईपर्यंत धूप घालू नये, नाहीतर वास कोळशाचाच येतो, आणि सुरुवातीला तडतडून ठिणग्या उडतात त्या काळ्या डागांच्या रूपाने पत्त्यांवर कायमच्या बसतात. म्हणून काठीचा एक्का धुपाटण्यापासून किमान हातभर दूर असावा.